तीन नावांचे माणिक

एका राज्यात एक राजा होता. त्याचा शब्द बारा वेशींच्या पलीकडे ऐकू जाई, आणि त्याच्या घरात मात्र कुणाला ऐकू येत नसे. असे का झाले, ते आता सांगतो.

राजाचे नाव सुधन्वा, राणीचे चारुमती. त्यांना एकच मुलगी, कुमुदिनी. राज्य लहानसे होते. सकाळी घोड्यावर बसून निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत त्याला फेरी घालून घरी येई. नदीकाठी ऊस पिके, डोंगरउतारावर नाचणी पिके, आणि शेजारच्या डोंगरी मुलखात राजाचा मित्र राज्य करी. मित्राचे नाव भानुकीर्ती. दोघे एका गुरूकडे शिकले होते, एका ताटात जेवले होते.

एके दिवशी भानुकीर्ती सुधन्वाकडे आला. बरोबर एक म्हातारा सेवक होता. भानुकीर्तीने शेल्याच्या गाठीतून एक माणिक काढले. कबुतराच्या अंड्याएवढे, आणि असे लाल की जवळ धरलेला तळहातही लाल दिसे. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत दोन नावे कोरलेली होती. पहिले कुणा कंदर्प राजाचे, दुसरे भानुकीर्तीचे.

भानुकीर्ती काही बोलला नाही. सेवक बोलला.

"आमचे महाराज म्हणतात, या माणकाला शाप आहे. तो कसा सुटेल हे विचारायला ते दूर देशी जात आहेत. माणिक बरोबर नेता येत नाही आणि घरी ठेववत नाही. तोवर तुम्ही सांभाळा. मागतील तेव्हा द्या."

"देईन," सुधन्वा म्हणाला. "पण याचा गुण काय?"

"ज्याचे नाव यावर शेवटचे असते, त्याचा शब्द परक्याला मोडता येत नाही."

"आणि शाप?"

सेवकाने आपल्या धन्याकडे पाहिले. धन्याने मान हलवली.

"ते महाराज परत आल्यावर सांगतील. यावर आपले नाव मात्र कोरू नका."

भानुकीर्ती उठला, मित्राला मिठी मारली आणि निघून गेला. जाताना त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. सुधन्वाच्या मनात काटा रुतला. लहानपणच्या मित्राशी बोलायला मध्ये माणूस लागावा, इतका हा मोठा कधी झाला?

वर्ष गेले. त्या वर्षात पूर्वेकडच्या राजाने सुधन्वाची दोन गावे बळकावली. सुधन्वा रोज दुपारी पेटी उघडी, माणिक हातात घेई, ते दोन नावांखालचे रिकामे अंग अंगठ्याने चाचपी आणि पेटी मिटी. असे करता करता माणिक कुणाचे, हे त्याला आठवत राहिले, पण टोचेनासे झाले.

मग भानुकीर्ती परतला. पायांना चिंध्या बांधलेल्या, दाढी वाढलेली. तो भर दरबारात उभा राहिला आणि याही वेळी सेवकच बोलला.

"महाराज, आमची ठेव द्या."

दरबार पाहत होता. प्रधान पाहत होता. सुधन्वा म्हणाला, "कोणती ठेव?"

"माणिक, महाराज."

"माझ्याकडे कुणाचे माणिक नाही."

भानुकीर्ती हलला नाही. त्याचे ओठ पुन्हा हलले, बराच वेळ हलले. सुधन्वाला काही ऐकू आले नाही. त्याला वाटले, याला शब्द सुचत नाहीत. भानुकीर्ती पाठ फिरवून गेला, आणि त्याच दुपारी सुधन्वाने कारागीर बोलावून माणकावर तिसरे नाव कोरून घेतले. माणिक मुकुटात बसवले.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने मुलीला हाक मारली. "कुमुद, इकडे ये." कुमुदिनी तेव्हा चार वर्षांची. ती पाटावर बसून शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. राजाने पुन्हा हाक मारली. मग राणीला म्हणाला, "हिला आज ऐकू येत नाही का?" राणीनेही वर पाहिले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आज अगदी गप्प आहात."

असा तो शाप होता.

राजा दरबारात बोले तेव्हा भिंती घुमत. त्याने शत्रूच्या किल्ल्याखाली उभे राहून "दार उघडा" म्हटले की दार उघडे. रक्त न सांडता पूर्वेकडची दोन गावे परत आली, मग वीस आली, मग पूर्वेचे सगळे राज्यच आले. आणि घरी तो मुका होता. लिहून द्यावे तर राणीला कोरे भूर्जपत्र दिसे. प्रधानाला मात्र त्याचे सगळे ऐकू येई; शापाच्या लेखी तो राजाच्या जिवाभावाचा नव्हता. राजा त्याच्याकडून निरोप पाठवी. पण "महाराज म्हणतात, तुमची आठवण येते," हे प्रधानाच्या तोंडून आले की राजाज्ञेसारखे वाटे. राणी मान लवून "बरे" म्हणे. पुढे पुढे राजाने निरोपही बंद केले.

खरे कारण त्याने कुणालाच सांगितले नाही. शाप सांगायचा तर माणिक कुठून आले हे सांगावे लागले असते.

पहिल्याच महिन्यात एक टिटवी राजवाड्याच्या गच्चीवर येऊन बसली. टिटवी दगडांत अंडी घालते, म्हणून तिला दगडांचे सगळे ठाऊक असते. ती म्हणाली, "राजा, ज्याची ठेव त्याला दे."

सुधन्वा म्हणाला, "पूर्वेची सीमा तेवढी पक्की होऊ दे."

सहा वर्षांनी टिटवी पुन्हा आली. "राजा, ज्याची ठेव त्याला दे."

"मुलगी मोठी होते आहे. तिच्यासाठी राज्य थोडे वाढवतो, मग देतो."

टिटवी उडून गेली. तिने तिसऱ्यांदा यायला आणखी सहा वर्षे घेतली.

बाराव्या वर्षी राणी चारुमती आजारी पडली. वैद्यांनी हात टेकले. एका सकाळी तिने सगळ्यांना बाहेर जायला सांगितले आणि राजाला जवळ बसवले. ती म्हणाली, "मी बारा वर्षे विचार केला, माझे काय चुकले. मला काही सापडले नाही. आता तरी एक शब्द बोला."

सुधन्वा बोलला. त्याने सगळे सांगितले. माणिक, मित्र, दरबार, तिसरे नाव. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती नदीत घसरली होती तेव्हा तो किती घाबरला होता, तेही सांगितले. तिच्यावाचून या वाड्यात एकही खोली आपली वाटत नाही, असे सांगितले. बोलता बोलता त्याचा घसा बसला. तिचा हात त्याच्या हातात होता. तिने वाट पाहिली, बराच वेळ पाहिली. मग हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे कूस वळवली. दुपारपर्यंत ती गेली.

तेरावा झाला त्या दिवशी टिटवी आली. या वेळी तिच्या आधी राजाच बोलला.

"कुणाला देऊ? कसे देऊ?"

"माणकावर तीन नावे आहेत," टिटवी म्हणाली. "तीन माणसांचे तीन अपराध. ज्याचा अपराध झाला, त्याच्याच हाताने ते नाव पुसले जाते, दुसऱ्या कुणाच्या हाताने नाही. तुझे नाव भानुकीर्ती पुसेल. भानुकीर्तीचे नाव कंदर्पाच्या घरचा माणूस पुसेल. कंदर्पाचे नाव पुसायला खाणीवर एक बाई बसली आहे. तिन्ही नावे जाईपर्यंत शाप कुणाचाच सुटत नाही. पायी जा. आणि वाटेत कुणाला आज्ञा करू नकोस. केलीस की वाट पुन्हा पहिल्यापासून."

सुधन्वाने मुकुटातले माणिक काढून कमरेला बांधले. राज्याची मुद्रा कुमुदिनीच्या हातात दिली. ती सोळा वर्षांची झाली होती. तिने विचारले, "किती दिवसांनी याल, एवढे तरी सांगा." तो म्हणाला, "मला ठाऊक नाही, पण येईन." तिने काही क्षण त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मुद्रा घेऊन आत गेली.

पहिल्याच नदीवर नावाड्याने त्याला ओळखले नाही. "आज नाव नाही सोडत," तो म्हणाला. आज्ञेचा एक शब्द उच्चारला असता तर नावाड्याने त्याला खांद्यावर बसवून पलीकडे नेले असते. सुधन्वा काठावर बसून राहिला. तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी नावाडी म्हणाला, "इतकी वाट बघतोस, मग मागत का नाहीस?" सुधन्वा म्हणाला, "मागायला शिकतो आहे." नावाड्याने त्याला पार केले.

डोंगरात भानुकीर्तीचे राज्य उरले नव्हते. शेजाऱ्यांनी ते वाटून घेतले होते. ज्या शेजाऱ्याने सगळ्यांत मोठा वाटा घेतला, तो सुधन्वाच होता. त्या मुलखाचे दार त्याने नुसत्या शब्दाने उघडले होते, आणि ते कुणाचे हे मनात येऊ दिले नव्हते. भानुकीर्ती आता एका माळावर मेंढ्या राखी. झोपडीपुढे त्याचे दोन जवान मुलगे लोकर कातरत होते.

सुधन्वा समोर जाऊन उभा राहिला. भानुकीर्तीने त्याला ओळखले.

"ये," तो म्हणाला.

त्याचा आवाज सुधन्वाला स्पष्ट ऐकू आला. तोच आवाज, गुरूच्या अंगणातला. आणि सुधन्वाला एकदम सगळे उमगले. त्या दोन्ही वेळी सेवक का बोलत होता ते उमगले. तेव्हा भानुकीर्तीचा त्याच्यावर जीव होता, म्हणून त्याचा शब्द ऐकू येत नव्हता. आज ऐकू येतो आहे.

"त्या दिवशी दरबारात मी तुला काही बोललो होतो," भानुकीर्ती म्हणाला. "ते तुला ऐकू आले नसेल. मी म्हणालो, माणिक नाही द्यायचे तर नको देऊस, पण निदान नाव कोरू नकोस. घरी तुझी लहान मुलगी आहे."

सुधन्वाने कमरेच्या माणकावर हात ठेवला.

"तेव्हा सेवकाने विचारले, ते आज मी स्वतः विचारतो. मी तुझ्याकडे ठेवलेले माणिक कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे," सुधन्वा म्हणाला. "तेव्हाही माझ्याकडेच होते."

भानुकीर्ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याने कान पुढे केला. मग तो हळूहळू मागे सरला.

"तुझे ओठ हलताना दिसतात," तो म्हणाला. "आवाज येत नाही."

माळावर वारा होता. मुलगे मान खाली घालून कातरत होते. सुधन्वाने कमरेचे माणिक सोडून मित्राच्या तळहातावर ठेवले. तेच उत्तर त्याला देता येण्याजोगे होते.

भानुकीर्तीने अंगठा तिसऱ्या नावावरून फिरवला, आणि ओल्या पाटीवरची रेघ जावी तसे ते नाव गेले.

"नाव पुसले," तो म्हणाला. "क्षमा मागू नकोस, ती माझ्यापाशी नाही. ते माझे मुलगे. त्या दिवशी माणिक घेऊन मी खाणीवर पोचलो असतो तर गेली बारा वर्षे त्यांना माझी हाक ऐकू आली असती. आता तुझा आवाज मला ऐकू येत नाही, याचा अर्थ मला कळला. पण त्याचे मी काय करू, ते मला कळत नाही. जा. कंदर्पाचे नगर पश्चिमेला आहे."

सुधन्वाने त्याला वाकून नमस्कार केला आणि तो चालू लागला.

कंदर्पाच्या नगरात माणसे नव्हती. घरे उभी होती, चुली उभ्या होत्या, दारांना कड्या होत्या, पण सगळे केव्हाच निघून गेले होते. राजवाड्याच्या ओसरीवर एक मांत्रिक बसला होता. त्याचे केस पायांपर्यंत आलेले, रंगाने धुरासारखे. त्याचे नाव धूमकेश. तो कंदर्पाच्या घरचा मांत्रिक, आणि त्या घरातला शेवटचा माणूस.

"भानुकीर्तीने आमच्या नगराला वेढा घातला," धूमकेश म्हणाला. "लोक झाडाची साल खाऊ लागले तेव्हा कंदर्पाच्या नातवाने धान्याच्या शंभर गाड्यांसाठी हे माणिक दिले. गाड्या आल्या. खाणारे थोडेच उरले होते. भानुकीर्तीचे नाव मी का पुसू?"

"पुसावे असे मला सांगता येत नाही," सुधन्वा म्हणाला. "मी मागायला आलो आहे."

मांत्रिकाने त्याला आत नेले. माजघरात तीन रांजण होते, तोंडाला मेण लावलेले.

"न ऐकलेला शब्द लगेच मरत नाही. तो घरातच वणवणतो. कंदर्प आपल्या मुलाशी जे बोलला आणि मुलाला जे ऐकू आले नाही, ते सगळे मी या तीन रांजणांत भरून ठेवले. शंभर वर्षे वाट पाहिली, कुणी ऐकायला आले नाही. तू ऐक. मध्ये उठायचे नाही, कान झाकायचे नाहीत."

पहिल्या दिवशी पहिला रांजण उघडला. त्यातून एका बापाचा आवाज आला. "पाणी पी. उन्हातून आलास. चप्पल कुठे टाकलीस? या घोड्याला मागून जाऊ नकोस, लाथ मारतो." दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी दुसरा रांजण. त्यात राग होता. "मी बोलतो आहे. माझ्याकडे बघ. मी तुझा बाप आहे, या राज्याचा राजा आहे." तिसऱ्या दिवशी तिसरा रांजण उघडला. त्यात बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग आवाज म्हणाला, "बाळ, चूक माझी आहे. तुझे काही चुकले नाही." हे एकच वाक्य संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिले.

सुधन्वा उठला नाही. त्यातला एकेक शब्द त्याने स्वतः आपल्या घरात उच्चारला होता. तिसऱ्या रांजणातलाच तेवढा फार उशिरा.

रांजण रिकामे झाल्यावर त्याने विचारले, "माझे शब्द? मी राणीला जे सांगितले ते?"

"तुझ्या घरी मांत्रिक होता का?"

"नव्हता."

"मग ते कुणी गोळा केले नाहीत. थोडे दिवस त्या खोलीत राहिले असतील. आता विरले."

धूमकेशाने माणिक घेतले, दुसऱ्या नावावरून अंगठा फिरवला, ते गेले. मग त्याने तिन्ही रांजण उचलून एकेक करून अंगणात पालथे घातले, ओसरीवरची काठी घेतली आणि नगराबाहेर चालता झाला. तो कुठे गेला ते कुणाला माहीत नाही.

खाण दक्षिणेला होती. तिथे गवत उगवत नसे. टिटवी तिथेच दगडांत अंड्यांवर बसली होती, तिने सुधन्वाला पाहिले, पण ती हलली नाही. खाणीच्या तोंडाशी एक बाई जमिनीला कान लावून पडली होती. तिच्या लुगड्यावर शंभर वर्षांची माती होती. तिचे नाव कोंडाई.

"हळू चाल," ती म्हणाली. "पायाच्या आवाजात तिचा आवाज बुडतो."

सुधन्वा जागच्या जागी बसला. कोंडाईने आपली हकिगत सांगितली. ती दगड फोडणारी. तिच्याच पहारीखाली हे माणिक निघाले. कंदर्प राजा तेव्हा खाणीवर आलेला होता. माणिक बघायला सगळे धावले आणि त्याच घटकेला आतली दरड कोसळली. कोंडाईची सहा वर्षांची लेक, तुळी, आत राहिली. ती हाका मारत होती. कोंडाई धावली, तर राजाच्या माणसांनी तिला धरले, कारण माणिक तिच्या मुठीत होते. ते मूठ उघडत होते आणि ती म्हणत होती, पोरगी हाक मारते आहे, तिला काढा. राजा माणिक उन्हात धरून बघत होता. त्याला ऐकू गेले नाही.

"मग मी बोलले," कोंडाई म्हणाली. "माझ्या लेकीची हाक तुला ऐकू आली नाही. हा दगड जो जो आपला म्हणेल, त्याची हाक त्याच्या माणसांना ऐकू येऊ नये. मला काय ठाऊक, ते खरे होईल? आणि त्या राजाच्या पोराने माझे काय केले होते? पण बोलले."

"आता काय करू?"

"खाली उतर. ती अजून हाक मारते. मला ऐकू येते, पण मला जाता येत नाही. माझा शाप मलाही इथेच बांधून बसला आहे."

सुधन्वा खाणीत उतरला. दरडीच्या अलीकडे उभा राहिला आणि त्याला ऐकू आले. दगडांच्या मागून, अगदी बारीक.

"आये, मी हितं हाय."

"मी येतो आहे," सुधन्वा म्हणाला. "घाबरू नकोस."

"कोण हाय?"

"दगड काढायला आलो आहे."

"माझी आय कुठं हाय?"

"वर बसली आहे. तुझी वाट पाहते आहे."

तो हातांनी दगड काढू लागला. पहिल्या दिवशी त्याची नखे गेली. तुळी विचारत राहिली. वर ऊन आहे का? आज बाजार आहे का? तुला मुलगी आहे का? तो सांगत राहिला. आहे, कुमुदिनी तिचे नाव. ती शेंगा सोलताना निम्म्या खाते. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातांची कातडी गेली. तुळीने त्याला एक कोडे घातले, ते त्याला सुटले नाही, तेव्हा ती हसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "तुळे, आता थोडेच राहिले."

दगडांमागून उत्तर आले नाही. मग रडण्याचा आवाज आला. "तू गेलास का? बोल ना. का बोलत न्हाईस?"

सुधन्वाचे हात थांबले. त्याने पुन्हा हाक मारली, मोठ्याने मारली. ती रडतच राहिली. दोन दिवसांत ती त्याची झाली होती, आणि म्हणून त्याचा शब्द तिलाही मिटला होता. त्याने एक दगड उचलला आणि दुसऱ्यावर आपटला. ठक, ठक, ठक. रडणे थांबले. मग तो एका हाताने दगड वाजवत राहिला आणि दुसऱ्या हाताने दरड काढत राहिला, दिवसभर.

दिवस कलताना शेवटचा दगड निघाला. मागे हातभर पोकळी होती. तिच्यात लहान मुलीची हाडे होती आणि पायातला एक कथलाचा वाळा. हाक बंद झाली होती.

त्याने ते सगळे आपल्या उपरण्यात घेतले, छातीशी धरले आणि तो वर आला. कोंडाईने उपरणे हातांत घेतले. उघडून पाहिले. ती रडली नाही. तिने वाळा दोन बोटांत धरून पुसला, स्वच्छ केला.

"माणिक दे," ती म्हणाली.

तिने पहिल्या नावावरून अंगठा फिरवला. कंदर्पाचे नाव गेले. माणिक पहिल्यासारखे कोरे झाले, नुसता लाल दगड. सुधन्वाने ते खाली नेले आणि तुळी जिथे पडली होती त्या पोकळीत ठेवून वर दगड रचले. तो परत वर आला तेव्हा कोंडाई उपरणे पोटाशी घेऊन कुशीवर झोपली होती, आणि तिचा श्वास थांबला होता. त्याने मायलेकींना एकाच खड्ड्यात ठेवले. माती लोटता लोटता तो मोठ्याने बोलत होता, आपले नाव सांगत होता, आपण कोण, काय केले, ते सांगत होता. ऐकायला तिथे टिटवीच होती.

परतीच्या वाटेवर तो माळ लागला. सुधन्वा वर गेला नाही. उतारावरच्या एका बोरीआड उभा राहिला. झोपडीतून भानुकीर्तीचा आवाज आला, "अरे, मेंढ्या आत घ्या, आभाळ आले आहे." आणि माळाच्या दोन टोकांकडून दोन आवाज आले, "आलो, आबा." मग सगळे शांत झाले.  मग भानुकीर्तीने उगाचच दोघांची नावे घेऊन पुन्हा हाका मारल्या. सुधन्वा तिथून निघाला.

राजवाड्यात कुमुदिनी न्यायासनावर बसली होती. दोन शेतकऱ्यांच्या बांधाचा तंटा चालला होता. सुधन्वा दारात उभा राहिला. वाटेत त्याने खूप काही जुळवून ठेवले होते. त्याच्या तोंडून फक्त "कुमुद" एवढेच निघाले.

तिने चमकून वर पाहिले. तिने शेतकऱ्यांना पाठवून दिले, प्रधानाला पाठवून दिले.

"तुमचा आवाज कसा होता, हे मी विसरले होते," ती म्हणाली.

सुधन्वाने तिला सगळे सांगितले. काही लपवले नाही. टिटवी दोनदा येऊन गेली आणि आपण दोनदा तिला परत पाठवले, हेही सांगितले. कुमुदिनी ऐकत होती. आईच्या शेवटच्या सकाळचे ऐकताना ती उठून खिडकीशी गेली.

"दुसऱ्यांदा टिटवी आली तेव्हा आई बरी होती," ती म्हणाली.

"हो."

"आई वारली तेव्हा तिला वाटत होते, तुम्ही तिच्यावर रागावला आहात."

"हो."

"मग तेव्हा का नाही दिलेत?"

"याला माझ्याजवळ उत्तर नाही, कुमुद. मी खूप शोधले."

ती खिडकीपासून वळली. मग येऊन पुन्हा न्यायासनावर बसली, तेव्हा सुधन्वा आपण होऊन खाली, फिर्यादीच्या जागी जाऊन उभा राहिला.

"माणकाच्या शब्दाने जेवढी दारे उघडली," कुमुदिनी म्हणाली, "तेवढी ज्यांची त्यांना परत करायची. पहिले भानुकीर्तीकाकांचे राज्य. आणि हे दूताने सांगायचे नाही. तुम्ही स्वतः प्रत्येक दारात जायचे आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचे की हे माझे नव्हते."

"मान्य आहे."

"तुमच्यावर माझा राग आहे. तो किती दिवस राहील, मला सांगता येत नाही."

"राहू दे."

जे बारा वर्षांत आले होते, ते परत करायला सात वर्षे लागली. कुठे लोकांनी सुधन्वाला पाणी दिले, कुठे दार लावून घेतले. पूर्वेच्या म्हाताऱ्या राजाने त्याला तीन दिवस उन्हात उभे केले, मग आपल्या राज्याच्या किल्ल्या घेतल्या. भानुकीर्ती पुन्हा डोंगरात गादीवर बसला. तो सुधन्वाशी बोलला, पण जेवायला थांब म्हणाला नाही. शेवटी राज्य पुन्हा तेवढेच झाले, सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याएवढे, आणि त्यावर कुमुदिनी राज्य करू लागली. तिच्या राज्यात कुणी ठेव ठेवायला आला तर दोन साक्षीदारांसमोर ठेवी, आणि मागायला एकटा आला तरी त्याला ती मिळे.

सातव्या वर्षी शेवटचा किल्ला परत करायचा होता. तो दोन दिवसांच्या वाटेवर होता. सुधन्वा निघाला, तर वेशीवर कुमुदिनी घोड्यावर बसून उभी होती. "आज मीही येते," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारून घोडा चालवू लागली.

वाटेत दोघे काय बोलली? मोठे काही नाही. या वर्षी ऊस चांगला आहे, ती म्हणाली. तो म्हणाला, हो, पण पाटाचे पाणी पुरायला हवे. मग ती म्हणाली, तुमच्या घोड्याचा डावा पाय लचकतो आहे. तो म्हणाला, नाही, त्याची चालच तशी आहे. यावर दोघांचा थोडा वाद झाला. तो दुपारपर्यंत चालला आणि मिटला नाही.

सांगणाऱ्याला एवढेच ठाऊक होते. ऐकणाऱ्यांचे भले होवो.